मोलफ्रिड आधी सांगायची

आमच्या गावातली माणसं एकवेळ गाडी खड्ड्यात घालतील, पण कोणाच्या तोंडावर वाईट बोलणार नाहीत. पाठीमागे मात्र काही शिल्लक ठेवत नाहीत. दुकानात दूध घेताना, फेरीबोटीच्या रांगेत, चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला, कोणाचं काय चुकलं ते सगळ्यांना पाठ असतं. ज्याचं चुकलंय तेवढा एक सोडून.

मोलफ्रिडचं उलटं होतं. जे काय असेल ते ती आधी त्या माणसाला सांगायची आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपवायची. माझ्या भाच्याच्या कन्फर्मेशनला, म्हणजे वयात येणाऱ्या पोरांच्या चर्चमधल्या सोहळ्याला, मी चार थरांचा केक केला होता. सत्तर माणसं छान छान म्हणत खात होती. मोलफ्रिडने एक घास घेतला, बशी हातात घेऊन सगळी खोली ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "योरुन, कोरडा झालाय. वरून क्रीम जास्त घाल, खपून जाईल." मी दोन आठवडे तिच्याशी बोलले नाही. आम्ही एकाच दवाखान्यात काम करायचो आणि एकाच टेबलावर डबा खायचो, तरी बोलले नाही. केक कोरडा झाला होता हे मात्र खरं.

दवाखाना दातांचा, सरकारी, मुलांसाठीचा. दंतवैद्य आठवड्यातून दोनदा फेरीबोटीने यायचा. बाकीचे दिवस मोलफ्रिडचे, दात तपासणं आणि साफ करणं तिच्याकडे. पोर तीन वर्षांचं झालं की त्याच्या घरी पत्र जायचं, मग पाचव्या वर्षी, मग असंच शाळा संपेपर्यंत. पत्रं पाठवायची मी. फोन घेणं, वेळा लावणं, कोण आलं आणि कोण नाही त्याची नोंद करणं, हे माझं काम. बावीस वर्षं मी तिच्या दारापाशी बसले.

पोरांना ती आवडायची, याचं पहिल्यांदा मला नवल वाटायचं, कारण लाडीगोडी तिच्या अंगात नव्हती. "अजिबात दुखणार नाही हं," असं ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "आता दुखेल. मी चार मोजेपर्यंत." आणि खरंच चारपर्यंतच दुखायचं. एकदा हे कळलं की पोर पुढच्या वेळी आपणहून खुर्चीत चढायचं. मोठ्या माणसांना एवढं साधं का जमत नाही, असं ती मला विचारायची. मलाही जमत नव्हतं.

ती अशी का, ते मला फार उशिरा कळलं. शहरातल्या एका प्रशिक्षणाहून आम्ही गाडीने परत येत होतो. बोगद्यात वाहतूक अडली होती. तिथे तिने सांगितलं. एकसष्ट साली ती आठ वर्षांची होती. वडील आदल्या हिवाळ्यात समुद्रात बुडून गेलेले. आई लोकांचे कपडे धुवायची. एका दुपारी, आबाळ होणारी पोरं घरातून नेणाऱ्या सरकारी बालमंडळाचे दोन पुरुष न सांगता दारात उभे राहिले. त्यांनी कपाटं उघडली, अंथरुणं उलटी केली, मोलफ्रिडचे केस वर करून उवा बघितल्या. कोणीतरी लिहून कळवलं होतं. नाव नव्हतं. सापडलं काही नाही, पोरं घरातच राहिली.

"पण त्यानंतर आई कोणाकडे कॉफीला गेली नाही," मोलफ्रिड म्हणाली. "समोर बसलेली बाई तीच असली तर? चाळीस वर्षं त्याच गावात राहिली आणि एकटी मेली. मी त्या दिवशी ठरवलं. मला कधी काही लिहायची वेळ आली तर नावाने लिहीन, आणि त्या घराला आधी सांगून लिहीन."

आणि ती तसं करायची. कायदाच आहे आमच्याकडे, पोराची आबाळ होतेय असं दिसलं तर दवाखान्यातल्या माणसाने बालसंरक्षणाला, म्हणजे पूर्वीच्या बालमंडळाला, कळवायचं. ज्याने पाहिलं त्यानेच कळवायचं, साहेबावर ढकलता येत नाही. तोवर तिने अशी सात पत्रं लिहिली होती. प्रत्येक वेळी आधी घरी फोन. "मी कळवणार आहे, आणि का ते सांगते." लोक चिडायचे, एकदोघांनी फोन आपटला. पण दमलेली, पोरांचे दात घासून घ्यायला विसरणारी माणसं होती ती. मदत मिळाली आणि सुधारली. एका आईने तर नंतर लोकरीचे मोजे विणून आणून दिले. सात वेळा बरोबर आलं की माणसाला वाटतं आपली रीतच बरोबर.

आठवं पत्र तीरिलचं.

दोन हजार आठ सालचा नोव्हेंबर. तीरिल सहा वर्षांची होती. तिला पाचव्या वर्षी मी पत्र पाठवलं होतं, ती आली नाही. मी "आली नाही" अशी नोंद केली आणि दुसरं पत्र पाठवलं. आली नाही. तिसरं पाठवलं. आली नाही. तीन वेळा ते दोन शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि तीनही वेळा मला वाटलं की मी माझं काम केलं. शेवटी मोलफ्रिडनेच तिच्या आईला, एलिनला, दुकानात गाठून वेळ दिली.

एलिन खिडकीपाशी उभी राहिली, जाकीट न काढता. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तीरिलचे पुढचे वरचे चार दुधाचे दात काळे होऊन हिरडीपर्यंत झिजलेले. हिरडी सुजलेली. अशा दातांनी पोर रात्र रात्र झोपत नाही. मोलफ्रिड म्हणाली, "आता दुखेल. मी चार मोजेपर्यंत." तिने मोजले. तीरिलची पापणीसुद्धा हलली नाही.

"रडलीस तरी चालतं इथे," मोलफ्रिड म्हणाली.

"नको," तीरिल म्हणाली.

मग मोलफ्रिडने तिचा वरचा ओठ उचलला आणि तसाच धरून ठेवला. ओठ आणि हिरडी यांना जोडणारा पडदा असतो ना बारीक, तो फाटून वाकडातिकडा भरून आला होता. आणि कानामागे पिवळट हिरवा डाग.

"हे कसं झालं गं?"

तीरिलने आईकडे पाहिलं. एलिन म्हणाली, "घसरगाडीवरून पडली."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात."

त्या वर्षी बर्फ अजून पडलाच नव्हता. मोलफ्रिडने खिडकीबाहेर पाहिलं, एलिननेही पाहिलं. "गवतावर," एलिन म्हणाली. "गवतावर खेळत होती घसरगाडी घेऊन."

त्या दुपारी आमच्या दोघींसमोर डबे उघडे होते आणि कोणी खात नव्हतं.

"गाइर?" मी म्हटलं. "अगं, शक्य नाही. मागच्या हिवाळ्यात माझी गाडी खड्ड्यातून ओढून काढली त्याने. कॉफीलासुद्धा थांबला नाही." गाइर म्हणजे तीरिलचा बाप. गावातला बर्फ सारणारा ट्रॅक्टर त्याचा. पहाटे पाचला निघायचा, म्हाताऱ्या बायकांच्या दारापुढचा बर्फ फुकट काढून द्यायचा.

"मी गाइरचं नाव घेतलं नाही," मोलफ्रिड म्हणाली. "तू घेतलंस."

 पावावरचं तपकिरी चीज मी बोटाने सरळ करत बसले.

आमच्या कपाटात एक निळी फाइल होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: नुसती आबाळ असेल तर घरच्यांशी बोला, त्यांना बरोबर घ्या. मारहाणीची शंका असेल तर घरी एक शब्दही कळवू नका, थेट बालसंरक्षणाला किंवा पोलिसांना सांगा. ते आम्हाला शहरातल्या प्रशिक्षणात शिकवलंही होतं. त्या दिवशी जेवणात माशाचं सूप फार चांगलं होतं, हे मला जास्त आठवतं. तरी मी पुटपुटले, "त्या निळ्या फाइलमध्ये काहीतरी वेगळं लिहिलंय ना गं?"

"ज्यांनी फाइल लिहिली त्यांच्या घरातली कपाटं कोणी उघडली नव्हती," मोलफ्रिड म्हणाली. "पाठीमागून मी काही करणार नाही. लाव फोन."

मी फोन लावला. गुरुवार होता, तीन वाजायला आले होते. फोन गाइरने उचलला. मोलफ्रिडने त्याला दातांचं सांगितलं, ओठाचं सांगितलं, कानामागचं सांगितलं, आणि उद्याच्या टपालाने बालसंरक्षणाला पत्र जाईल हे सांगितलं. त्याचा आवाज मला टेबलापाशी ऐकू येत होता. मोठा, मोकळा आवाज. "थेट मला सांगितलंत, बरं केलंत," तो म्हणाला. "दुसरा कोणी असता तर मागून केलं असतं. दातांचं आमचं चुकलंच. बघतो मी."

फोन ठेवून मोलफ्रिड माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "बघ," ती म्हणाली. "माणसाशी सरळ बोललं की माणूस सरळ वागतो." आणि तिने डबा संपवला. मीही संपवला. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी पत्र गेलं. मंगळवारी बालसंरक्षणाची बाई शाळेत गेली तर तीरिल नव्हती. ताप आलाय, असा घरून निरोप. बाई घरी गेली तर घराला कुलूप. डोंगरातल्या घरी गेलेत हवापालटाला, असं शेजाऱ्याने सांगितलं. अकरा दिवस. परत आली तेव्हा तीरिलच्या अंगावर काही नव्हतं. बाईने विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मी घसरगाडीवरून पडले. गवतावर." गाइरने दवाखान्याच्या वेळांचा कागद पुढे केला, आमच्याकडूनच फोनवर विचारून लिहून घेतलेला. बाप एवढा सहकार्य करतोय म्हटल्यावर जानेवारीत प्रकरण बंद झालं.

आणि तीरिल आता एकही वेळ चुकवत नव्हती. गाइर स्वतः घेऊन यायचा. ट्रॅक्टरने आधी आमच्या आवारातला बर्फ काढायचा, मग त्यातून पोरीला उतरवून आणायचा. दंतवैद्याने ते काळे दात काढले, बाकीचे भरले. मोलफ्रिड म्हणायची, "आता दुखेल," आणि तीरिल हसायची. सुई आत जायची आणि ती हसत असायची. वरच्या ओळीत चार दात नव्हते, त्या मोकळ्या हिरड्यांनी हसायची.

तिसऱ्या वेळेनंतर मोलफ्रिड डबा न उघडता बसून राहिली. "योरुन," ती म्हणाली, "तिला कोणीतरी हसायला शिकवलंय."

तिने बालसंरक्षणाला फोन केला. नवीन काही असल्याशिवाय प्रकरण उघडता येणार नाही, असं उत्तर आलं. तिने कपाट उघडलं, निळी फाइल काढली आणि उभ्यानेच ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं आता मला काहीतरी सुनावेल, निदान स्वतःला सुनावेल. तिने फाइल परत जागेवर ठेवली. तेव्हापासून वसंत ऋतू येईपर्यंत मोलफ्रिड कोणालाच काही सुनावत नव्हती. गाण्याच्या सरावात पुरुषांची बाजू बेसूर गेली तरी तिने मान वर केली नाही. लोकांना वाटलं वय झालं.

एप्रिलमध्ये गाइर रस्त्याच्या कामाला गेला होता म्हणून तीरिलला एलिन घेऊन आली. खोलीत ऊन येत होतं, पोरीला उकडत होतं. मोलफ्रिडने तिची स्वेटरची बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. मी दारातून पाहिलं. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, आणि त्याखाली जुने.

मोलफ्रिडने एक प्रश्न विचारला नाही. तीरिलला आरसा आणि दातांचा मोठा साचा खेळायला दिला आणि बाहेर आली.

"एलिन," ती म्हणाली, "एक एक्स-रे नीट आला नाही बघ. परत काढावा लागेल. यंत्र गरम व्हायला अर्धा तास लागतो. बस तू, योरुन कॉफी देईल."

ते यंत्र बटण दाबलं की चालू व्हायचं. तोवर मी मोलफ्रिडला कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलायला लागली तर आमच्या सगळ्यांच्यापेक्षा बरं बोलली, पापणी न हलवता. मग ती मागच्या खोलीत गेली, दार लावलं आणि या वेळी फोन स्वतः लावला.

मी कॉफी ओतली. सकाळची वाफेल होती, साच्यातली मऊ गोड पोळी, तिच्यावर जॅम घालून दिली. एलिनने ती हातात धरून ठेवली. बाई माझ्या मुलीच्या वयाची. मनगटं इतकी बारीक झाली होती की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

"मोलफ्रिड आज काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली.

"हो का?"

"काही असलं तर त्या आधी सांगतात ना?"

"हो," मी म्हटलं. "सांगते ती." आणि तिच्या कपात आणखी कॉफी ओतली, कप भरलेला असताना.

पस्तीस मिनिटांनी साध्या कपड्यांतल्या दोघी बायका आत आल्या. एक बालसंरक्षणाची, एक पोलीस. एलिनने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. वाफेल तिच्या हातात तशीच होती. पुढे काय झालं ते सांगताना मी नेहमी इथे थांबते, कारण त्या बाईचाही कोणी वाली नव्हता आणि मी तिला खिळवून ठेवायला वाफेल दिली होती. करायलाच हवं होतं. तरी ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

तीरिलला त्याच दिवशी शहरात नेलं. तिथे मुलांशी बोलण्यासाठी वेगळी जागा असते, एकच माणूस शांतपणे विचारतो आणि पोराला तेच तेच दहा जणांना सांगावं लागत नाही. तिथे ती दोन तास गप्प बसली आणि मग बोलली. गाइर तुरुंगात गेला. तीरिल दूर उत्तरेला मावशीकडे वाढली. एलिन घर विकून कुठे गेली ते आम्हाला कळलं नाही.

गावाने मोलफ्रिडला सोडलं नाही. "तोंडावर बोलणारी म्हणे," लोक म्हणायचे. "कॉफी पाजून पोर नेली." पाठीमागेच म्हणायचे, अर्थातच. पुढच्या हिवाळ्यात आमच्या आवारातला बर्फ सगळ्यात शेवटी निघायचा आणि दवाखान्याच्या पायऱ्या मी फावड्याने साफ करायचे. जी चार माणसं कौतुक करायची त्यांचं तर ती ऐकूनच घ्यायची नाही. "पोरीला वाचवलंस," पाद्रीसाहेब एकदा म्हणाले. "पाच महिने उशिरा," मोलफ्रिड म्हणाली आणि त्यांच्यासमोरून उठून भांडी विसळायला गेली.

नंतर दवाखान्यात नवीन मुली आल्या तेव्हा त्यांना ती ही गोष्ट नाव घेऊन सांगायची, स्वतःचं नाव. कुठे सरळ वागायचं आणि कुठे गप्प राहून आधी पोराला सुरक्षित जागी पोचवायचं, हे शिकवायची. मुली विचारायच्या, "पण खात्री नसेल तर?" ती म्हणायची, "खात्री करणं तुझं काम नाही. पाहिलंस ते लिही. कोणाला सांगतेस ते आधी बघ." मग ती निवृत्त झाली. आम्ही दर मंगळवारी तिच्या स्वयंपाकघरात विणकाम घेऊन बसू लागलो.

अशाच एका मंगळवारी, दोन हजार एकवीसच्या शरदात, दारावर एक उंच मुलगी आली. मी ओळखलं नाही. मोलफ्रिडने ओळखलं. "ये, तीरिल," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांची झाली होती. आमच्याकडे वयात आलं की स्वतःबद्दलची सगळी सरकारी कागदपत्रं मागता येतात, ती तिने मागवली होती. जाड गठ्ठा होता. पानोपानी ओळी काळ्या केलेल्या. तिने तो टेबलावर ठेवला, विणकाम बाजूला सरकवून.

"तुमचं नाव काळं केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी करू दिलं नाही."

"दोन पत्रं आहेत तुमची. एप्रिलचं मला कळतं. नोव्हेंबरचं कळत नाही." आवाज चढलेला नव्हता. परीक्षेतला प्रश्न समजून घ्यावा तशी विचारत होती. "त्यात सगळं आहे. ओठ आहे, कान आहे, गवत आहे. मग ती माणसं यायच्या आत आम्ही डोंगरात कसे पोचलो?"

"मी तुझ्या वडिलांना फोन केला होता," मोलफ्रिड म्हणाली. "पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी. सगळं सांगितलं होतं."

मला वाटलं आता ती आईचं सांगेल, त्या दोन पुरुषांचं. मी असते तर सांगितलं असतं, ऐकणाऱ्याचं मन थोडं तरी मऊ झालं असतं. ती तिथेच थांबली.

"का?"

"माझी तशी रीत होती. नियम मला माहीत होता. मी माझी रीत धरली."

तीरिलने गठ्ठा जरा बाजूला सरकवला. मग तिने सांगितलं. डोंगरातल्या घरी रोज टेबलापाशी बसावं लागायचं. तो प्रश्न विचारायचा, कधी मोलफ्रिड होऊन, कधी बालसंरक्षणाची बाई होऊन. तिने उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर पण हसू नीट नाही, तर बाहेर थंडीत पायरीवर उभं राहायचं, नुसत्या मोज्यांवर. "शेवटी शेवटी मला यायला लागलं," ती म्हणाली. "तो खूश व्हायचा. मला वाटायचं मी हुशार झाले."

मोलफ्रिडने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते.  "माझ्यामुळे," ती म्हणाली. "ते अकरा दिवस माझ्यामुळे. आणि पुढचे पाच महिने."

"हो," तीरिल म्हणाली. नाही म्हणाली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. तिने बालसंरक्षणावर देखरेख करणाऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे तक्रार केली होती. नोव्हेंबरमध्येच का थांबवलं नाही, याचं उत्तर तिला हवं होतं. कागदांत त्या फोनचा कुठेच उल्लेख नव्हता. "तुम्ही लिहून द्याल?" तिने विचारलं. "म्हणजे तुमच्यावर येईल ते."

मोलफ्रिड उठली, कागद घेऊन आली आणि लिहायला बसली. तारीख लिहिली. वडिलांना फोन केला, काय काय सांगितलं. मारहाणीची शंका मला तेव्हाच होती. घरी कळवायचं नाही हा नियम मी वाचलेला होता. कळवल्यामुळे त्यांना मुलीला लपवून ठेवायला वेळ मिळाला. खाली पूर्ण नाव. तिने कागद सरकवला तेव्हा मी मध्येच हात घातला. "फोन मी लावला होता," मी म्हटलं आणि तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. माझं अक्षर नेहमी सुबक येतं, त्या दिवशी नाही आलं.

तीरिलने सगळं वाचलं. "तापाचं नाही यात," ती म्हणाली.

"कसल्या तापाचं?"

"कागदांत चार ठिकाणी आहे. मुलीला ताप होता. शाळेने लिहिलंय, त्या बाईने लिहिलंय, पुढे डॉक्टरनेसुद्धा तेच लिहिलंय. मला ताप नव्हता."

"ते मी पाहिलेलं नाही," मोलफ्रिड म्हणाली. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, आयुष्यभराची सवय तिची.

तीरिलने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर मिळणार हे माहीत होतं. गठ्ठा उचलून ती पिशवीत भरू लागली.

"थांब," मोलफ्रिड म्हणाली. तिने कागद परत ओढला. आमच्या दोघींच्या नावांखाली जागा थोडी होती, तिथे तिने लहान अक्षरात लिहिलं: तीरिल सांगते की तिला ताप नव्हता. ती खरं सांगते. आणि पुन्हा सही केली.

तीरिलने उभ्यानेच ती ओळ वाचली.

"हे अजून कोणी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.